थोरली पाटी, धाकटी पाटी

हर्षदा तगारेचा धंदाच मुळी खोड काढण्याचा. कंपन्या तिच्याकडे मिक्सर पाठवायच्या, फोन पाठवायच्या, भिंतीवर चढून जळमटं काढणारे झाडू पाठवायच्या. ही बाई महिनाभर ते सगळं वापरायची आणि मग वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे गुण आणि उजवीकडे दोष लिहायची. सांगलीतल्या आपल्या खोलीत बसून ती जे लिहायची, ते लाखभर माणसं वाचायची आणि मगच दुकानात जायची. एका कूलरबद्दल तिनं लिहिलं होतं, "वारा बेताचा, आवाज फार. असा एखादा माणूस घरात आधीच असेल तर घेऊ नका." त्या कंपनीनं तिला पुन्हा काही पाठवलं नाही.

अशा बाईच्या वहीत या खेपेला डावी बाजू तळापर्यंत भरली होती आणि उजवीकडे दोनच ओळी होत्या. पाठ निसरडी आहे. चार्जरची वायर आखूड आहे. बस्स! तिचं तिलाच नवल वाटत होतं. पण करणार काय, वस्तूच तशी होती. तिनं हर्षदाच्या वडिलांना वाचा परत दिली होती.

बोलपाटी तिचं नाव. हातात मावेल एवढा टॅबलेट, आणि त्याची ही दुसरी पिढी. पहिल्या पिढीतली पाटी घरात आठ महिन्यांपासून होतीच, म्हणून हर्षदाचा धाकटा भाऊ मिलिंद त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायचा. कंपनीनं दोनशे घरांत धाकटी चाचणीसाठी दिली होती. सहा आठवडे वापरा, गुणदोष कळवा आणि थोरली परत पाठवा, असा करार. सगळ्या घरांचे अहवाल चांगले आले की थोरलीची सेवा कायमची बंद होणार होती. हर्षदाचा अहवाल शेवटचा राहिला होता.

नाना म्हणजे वसंत तगारे. 'तगारे भोजन व्यवस्था' हे नाव सांगली-मिरजेत ज्यानं ऐकलं नाही, तो एकतर परगावचा किंवा कुणी लग्नाला न बोलावलेला. चाळीस वर्षं नानांनी पंगती उठवल्या. माणूस पाच फुटांचा, पण आवाज असा की मांडवाच्या या टोकाला "जिलबी फिरवाऽऽ" म्हटलं की त्या टोकाचा पाहुणा दचकून ताट सावरायचा. दहा महिन्यांपूर्वी सकाळी दूध तापवताना नाना ओट्याशीच खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण मेंदूतून जिभेकडे जाणारी वाट तुटली. मानेचाही भरवसा राहिला नाही. हो म्हणायला जावं तर आडवी हलायची, नाही म्हणायला जावं तर नुसतीच थरथरायची. डाव्या हातानं लिहून बघितलं, पण रेघोट्यांपलीकडे काही जमेना.

तेव्हा थोरली आली. तिची करामत तशी सरळ होती. आपण काही बोलायचं मनात आणलं, की मेंदू घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना हुकूम सोडतो. नानांचे हे हुकूम अर्धेमुर्धे पोचायचे, त्यांतून आवाज फुटायचा नाही. पण हुकूम सुटला की गळ्याच्या कातडीवर अगदी बारीक वीज उमटते. गळ्याला एक टिकलीएवढी पट्टी चिकटवायची, ती ही वीज टिपायची आणि पाटीला कळवायची. पाटी त्यावरून एकेक अक्षर ओळखायची. शंका आली तर तीन अक्षरं दाखवायची, नाना डाव्या बोटानं त्यातलं एक दाबायचे. हे सगळं करून 'पाणी' म्हणायला पाऊण मिनिट लागायचं. 'पंखा जरा बारीक कर' हे वाक्य पुरं होईपर्यंत लाईट गेलेले असायचे. वर थोरलीचा आवाज म्हणजे एस.टी. स्टँडवरच्या सूचनेसारखा, त्यात नाना कुठेच नव्हते.

धाकटी मात्र अक्षरांची वाट बघत बसायची नाही. गळ्यावर दोन-तीन खुणा उमटल्या की ती अख्खं वाक्य ताडायची. समोर कोण बसलंय, वाजले किती, बोलणं कशाचं चाललंय, आणि असंच मागं घडलं तेव्हा पुढं काय झालं, हे सगळं ती हिशेबात धरायची. बोलून झालं की निकालही बघायची. माणसाची नाडी शांत झाली, चेहरा सैलावला, म्हणजे आपला अंदाज बरोबर. शिवाय पहिले दोन आठवडे घरच्यांनी तिला शिकवायचं. नाना काही बोलले की पाटीवर दोन बटणं यायची, 'बरोबर बोलले' आणि 'यांना वेगळं म्हणायचं होतं'. त्याला कंपनी घरची तालीम म्हणायची. ती संपली की बटणंही जायची.

आणि आवाज! लग्नांच्या जुन्या व्हिडिओंतून नानांचा आवाज वेचून कंपनीनं तो पाटीत भरला होता. पहिल्याच दिवशी चहाचा घोट घेऊन नानांचा गळा हलला आणि पाटीतून खणखणीत आवाज आला, "हर्षदे, साखर कुणासाठी वाचवून ठेवलीस गं?"

आठ-साडेआठ महिन्यांनी बापाचा आवाज ऐकला तिनं. हर्षदा स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. मिलिंद तर दारातच खाली बसला. वहीच्या डाव्या बाजूला तिनं त्या दिवशी लिहिलं, "वेग अफाट. आवाज खरा." आणि खाली तीनदा रेघ मारली.

आता तगारेंच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. हे आग्रहावर जगलेलं घर. नाना आपल्या वाढप्यांना पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे. "पाहुणा नको म्हणाला तर तो लाजतोय, वाढा. पुन्हा नको म्हणाला तर शेजारचा बघतोय म्हणून म्हणतोय, वाढा. ताटावर हात आडवा आला की मात्र तिथंच थांबायचं. मग ब्रह्मदेव सांगत आला तरी वाढायचं नाही. तोंड खोटं बोलतं, हात नाही." घरातही तेच. तगारेंच्या घरात एका 'नको'वर कुणाची कधी सुटका झालेली नव्हती, अगदी विमा विकायला आलेल्या माणसाचीसुद्धा.

तर तालमीच्या दिवसांत जेवायला बसलं की असं व्हायचं.

"नाना, खीर वाढू अजून?"

"नको," पाटी म्हणायची.

"नको काय? वाढ गं ताई," मिलिंद म्हणायचा.

हर्षदा चमचाभर वाढायची, नाना मिटक्या मारत खायचे. पाटी विचारायची, बरोबर बोलले? हर्षदा हसत हसत 'यांना वेगळं म्हणायचं होतं' दाबायची. आठवडाभरात धाकटी इतकी तयार झाली की नानांच्या गळ्यावर तीच जुनी खूण उमटली तरी ती सरळ म्हणायची, "वाढ थोडी, चालेल."

"घरची झाली की ही!" मिलिंद टाळी देऊन म्हणाला. हर्षदानं डावीकडे आणखी एक गुण लिहिला, "आग्रहाची रीत आपसूक शिकते."

नाना तेवढे हसले नव्हते. पण ते कुणी बघितलं नाही.

दुखणं निघालं ते याच खाण्यावरून. झटक्यानं नानांचा घसाही दुबळा झाला होता. पातळ काही प्यायलं की थोडं अन्ननलिकेत आणि थोडं श्वासनलिकेत जायचं. सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया होऊन ते दवाखान्यात पडले. दुसऱ्या खेपेला डॉक्टर कणसे बाईंनी दोघा भावंडांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर मी हमी देणार नाही. पोटातून नळी घालूया. छोटं ऑपरेशन आहे. सगळं अन्न थेट जठरात जाईल."

"आणि तोंडानं?" हर्षदानं विचारलं.

"तोंडानं काही नाही. पाणीसुद्धा नाही."

ज्या माणसानं आयुष्यभर मीठ जिभेच्या टोकावर तोललं, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पण सांगावं लागलंच. डॉक्टर नानांच्या पलंगाशी गेल्या, हळू आवाजात सगळं समजावलं आणि विचारलं, "नाना, घालूया ना नळी?"

नानांचा गळा हलला. धाकटी क्षणाचा विलंब न लावता म्हणाली, "चालेल डॉक्टर. तुम्ही म्हणाल तसं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एवढा मानी माणूस, पण किती समजूतदारपणानं घेतलं! दहा दिवसांनंतरची तारीख ठरली.

घरी आल्यावर मात्र नाना बिघडले. पेजेची वाटी भिंतीवर भिरकावली. पाटी लगेच म्हणाली, "माफ करा, जरा दमलोय." डाव्या हातानं सारखे कपाटाकडे बोट दाखवायला लागले. पाटी म्हणायची, "चष्मा दे गं." हर्षदा चष्मा आणून द्यायची, नाना तो फेकून द्यायचे. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, झटक्यानंतर स्वभाव असा होतो, मनाला लावून घेऊ नका. हर्षदानं मनाला लावून घेतलं नाही. डावीकडे लिहिलं, "अवघड प्रसंगातही बोलणं शांत आणि सभ्य." थोरली त्याच कपाटात, खालच्या खणात, जुन्या चादरींखाली पडली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हर्षदानं थोरली काढून पिशवीत टाकली. करार संपायला एकच दिवस उरला होता, आणि कुरिअरचं ऑफिस दवाखान्याच्या रस्त्यावरच होतं. पण निघायला उशीर झाला आणि ती पिशवी तशीच नानांच्या खोलीपर्यंत आली. वहीही सोबत होती. नाना आत गेले की बाहेर बसून अहवाल पुरा करायचा, असा तिचा बेत.

दहा वाजता डॉक्टर कणसे संमतीचा कागद घेऊन आल्या. मागं नर्स, तिच्या हातात शाईचा डबा.

"नाना, आज पोटातून नळी घालतोय. तयारी आहे ना?"

"हो हो, तयारी आहे," पाटीतून नानांचा भरदार आवाज आला. "काळजी करू नका."

"शाब्बास. मग इथं डाव्या हाताचा अंगठा द्या."

कागद नानांसमोरच्या टेबलावर ठेवला. नानांचा डावा हात हळूहळू वर आला आणि कागदावर टेकला. अंगठा नाही, पूर्ण हात. पंजा पालथा, बोटं जुळवलेली.

"नुसता अंगठा, नाना," मिलिंद म्हणाला आणि त्यानं तो हात हलकेच बाजूला केला.

हात पुन्हा आला. तसाच पालथा, तसाच आडवा.

"अहो, अंगठा द्यायचाय," नर्सनं सांगितलं आणि कागद खालून ओढून घेतला. नानांनी हात त्याच्यामागं सरकवला आणि या खेपेला कागदावर असा दाबून धरला की बोटांची टोकं पांढरी पडली.

"थोडा घाबरलोय, बाकी काही नाही," पाटी म्हणाली.

हर्षदा खुर्चीत वही उघडून बसली होती. तिनं सहज मान वर केली आणि तो हात बघितला. पालथा पंजा, जुळलेली बोटं, मनगट किंचित उचललेलं, ताटातल्या आमटीत बुडू नये म्हणून उचलतात तसं. असे हजारो हात तिनं लहानपणापासून बघितले होते. हातात जिलबीची परात घेऊन पंगतीतून फिरताना त्या हातापुढं कसं जागच्या जागी थांबायचं, ते तिला याच माणसानं शिकवलं होतं.

वही खाली टाकून ती उठली.

"थांबा!" ती ओरडली. "कागद उचला तो. मिलिंद, सोड नानांचा हात!"

"काय झालं ताई?"

"अरे, ताटावर हात आडवा आलाय!"

डॉक्टरांना काही कळेना, पण मिलिंदला कळलं. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

हर्षदानं पिशवी पलंगावर उलटी केली. थोरलीत बारा टक्के चार्ज होता. तिनं धाकटी बंद केली आणि गळ्यावरची पट्टी थोरलीला जोडली. ती जुनी पाटी जागी व्हायलाच दोन मिनिटं लागली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या, खाली थिएटर तयार होतं. "हर्षदाताई, आता हे काय नवीन?"

"पाच मिनिटं द्या, मॅडम. पाया पडते, पण पाच मिनिटं द्या."

पाटी उजळली. हर्षदा नानांसमोर बसली. "नाना, पोटात नळी घालायची?"

नानांचा गळा हलला. पडद्यावर तीन अक्षरं आली. नानांचं बोट सावकाश पुढं गेलं आणि त्यांनी 'न' दाबला. मग 'को'.

"नको," थोरली एस.टी. स्टँडच्या आवाजात म्हणाली.

"ऐन वेळी भीतीनं सगळेच म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "नाना, नीट विचार करून सांगा. नळी घालू?"

पुन्हा अक्षरं. पुन्हा बोट. नर्सनं शाईच्या डब्याचं झाकण लावलं. चार मिनिटं गेली असतील. हर्षदाला पडद्यावर एकेक अक्षर उमटताना दिसत होतं आणि तिचे डोळे भरून येत होते.

"नळी नको," थोरली म्हणाली. "दहा दिवस ओरडतोय."

हर्षदानं नानांच्या मांडीवर डोकं ठेवलं. दहा दिवस! तो माणूस दहा दिवस गळा ताणून नाही म्हणत होता आणि त्याच्याच आवाजात एक यंत्र त्याच्या वतीनं हो म्हणत होतं. तो वाटी फेकत होता, तर ते माफी मागत होतं. तो थोरली मागत होता, तर ते चष्मा मागत होतं. आणि हे त्याला शिकवलं कुणी? तिनं. स्वतःच्या बोटानं, हसत हसत, खिरीच्या चमच्यागणिक.

"चुकलं नाना," ती म्हणाली. "माझं फार चुकलं."

डॉक्टर कणसेंनी पेन खिशाला अडकवलं आणि कागद घडी करून फायलीत ठेवला. "माझंही चुकलं. मी पाटीला विचारलं, पेशंटला नाही." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "पण नाना, घशाचा धोका खोटा नाहीय. नळी नको, तर मग काय करायचं आपण?"

नानांचा गळा आता भराभर हलायला लागला. थोरलीची तारांबळ उडाली. शेवटी तिनं उच्चारलं, "जेवायचंय."

डॉक्टर हसल्या. त्यांनी दवाखान्यातल्या गिळण्याच्या थेरपिस्टला, रुबिना मुजावरला, बोलावून घेतलं. रुबिनानं नानांचा घसा तपासला, आणि डॉक्टरांशी चर्चा करून मधला मार्ग सांगितला. श्वासनलिकेत जातं ते पातळ अन्न, कारण ते घशातून सुसाट धावतं आणि दुबळा घसा वेळेत दार लावू शकत नाही. तेच अन्न दाट असलं तर सावकाश उतरतं. तीन आठवडे सगळं अन्न ठरावीक दाटपणाचं द्यायचं, हनुवटी छातीशी टेकवून गिळायचं, रोज गिळण्याचा व्यायाम करायचा. ताप आला तर तडक दवाखान्यात.

"धोका राहणारच, नाना," रुबिना म्हणाली. "मंजूर आहे का? सावकाश सांगा. मला घाई नाही."

"हो," थोरली म्हणाली. मग पुन्हा, कुणी न विचारता, "हो."

दाटपणा समजावायला रुबिनानं तीन वाट्या आणल्या. घरी बहुतेक लोक इथंच चुकतात, असं तिनं सांगितलं. नानांनी एकेका वाटीतला चमचा उचलून तिरका केला, थेंब कसा पडतो ते बघितलं, आणि मग बोट चालवायला घेतलं. थोरलीनं वेळ घेतला, पण बोलली ती नेमकं.

"मठ्ठा नको. बासुंदी नको. श्रीखंड चालेल."

"अगं बाई!" रुबिना टाळी वाजवून म्हणाली. "माझं चार पानी पत्रक तीन ओळींत आलं की हो, नाना!"

खाली थिएटरला निरोप गेला. तगारे मंडळी दुपारच्या जेवणाला घरी परतली. रिक्षात मिलिंद मधेच हसायचा आणि मधेच डोळे पुसायचा. कुरिअरचं ऑफिस वाटेत लागलं तेव्हा हर्षदानं पिशवी छातीशी धरली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "थांबू नका हो, सरळ चला."

त्या दुपारी तिनं धाकटीची नोंदवही उघडून बघितली. पाटी आपल्या प्रत्येक अंदाजाची नोंद ठेवत असे, पण इतक्या चांगल्या यंत्राची नोंद तपासावी असं आजवर तिच्या मनातही आलं नव्हतं. जेवताना नानांच्या गळ्यावर 'नको'ची खूण उमटली होती त्रेसष्ट वेळा. त्यातल्या साठ वेळा त्यांनी नंतर खाल्लं होतं आणि नाडी शांत झाली होती. धाकटीनं त्यावरून काढलेला निष्कर्ष एका ओळीत लिहिला होता. या माणसाचा नकार म्हणजे होकार, खात्री पंचाण्णव टक्के.

आणि खिरीपुरतं ते खोटंही नव्हतं, हीच तर खरी गंमत. यंत्रानं तगारेंची रीत अचूक उचलली होती. फक्त ती रीत ताटापुरती असते, ऑपरेशनला चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हात आडवा आला की थांबायचं हा दुसरा अर्धा धडा त्याला शिकवताच आला नव्हता, कारण ते गळा ऐकायचं, हात बघायचं नाही.

हर्षदानं नवं पान घेतलं, मधोमध रेघ ओढली. 'वेग अफाट' डावीकडेच ठेवला, 'आवाज खरा' हेही ठेवलं. बापाचा आवाज परत मिळणं ही काही थोडी गोष्ट नव्हती. पण 'आग्रहाची रीत आपसूक शिकते' हे तिनं उचलून रेघेपलीकडं नेलं. 'बोलणं शांत आणि सभ्य' हेही तिकडंच गेलं. मग थोरलीसाठी निराळं पान. दोष भरपूर होते. हळू, जड, आवाज कंटाळवाणा, चार्ज टिकत नाही. आणि गुण एकच, माणूस म्हणेल तेच म्हणते. खाली तिनं लिहिलं, "गप्पांना धाकटी, निर्णयाला थोरली. दोन्ही घरात ठेवा. आणि कंपनीला माझं सांगणं, थोरली बंद कराल तर मी हा अहवाल माझ्या लाखभर वाचकांनाही वाचायला देईन."

कंपनीचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. पलीकडचा माणूस आधी जरा घुश्शात होता, पण मग त्यानं इतर घरांतल्या नोंदी तपासल्या. आठवड्यानं त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. आणखी अकरा घरांत असंच काहीबाही निघालं होतं. एका घरात तर आजीबाई महिनाभर "मला काही नको, तुम्ही मजेत राहा" एवढंच बोलत होत्या आणि घरचे कौतुकानं ऐकत होते. थोरलीची सेवा चालू राहिली. धाकटीला एक बटण आलं. ते दाबलं की अंदाज बंद, आणि अक्षर अक्षर चालू.

तीन आठवडे तगारेंच्या घरात नुसता धडाका. दोडका वाटून, डाळ गाळून, सगळं श्रीखंडाच्या मापानं. मिलिंद करायचा, नाना खुर्चीत बसून चमचा तिरका करून बघायचे आणि थोरलीतून शिव्या घालायचे. एकेका शिवीला मिनिट लागायचं, पण नाना एकही अर्धी सोडायचे नाहीत.

बाविसाव्या दिवशी सकाळी छातीचा फोटो काढला. डॉक्टर कणसेंनी तो उजेडापुढं धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे. असंच चालू द्या. काही बदलायचं झालं तर पुन्हा विचारीन, नाना. तुम्हालाच. जुन्या पाटीवर."

हर्षदाला एकदम भूक लागली.

दुपारी मिलिंदनं खरंखुरं श्रीखंड केलं, वेलदोडा घातलेलं, गुळगुळीत. नानांनी हनुवटी छातीशी टेकवून पहिली वाटी शिस्तीत संपवली. हर्षदानं भांड्यातून चमचा भरला आणि विचारलं, "नाना, वाढू अजून?"

"नको," थोरली म्हणाली.

हर्षदानं चमचा भांड्यात परत ठेवला आणि झाकण घातलं. तगारेंच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. मिलिंदचा घास तोंडातच राहिला.

नानांनी भांड्याकडे बघितलं. मग हर्षदाकडे बघितलं. त्यांचा डावा हात मांडीवरच होता, वाटी उघडी होती. त्यांनी सुस्कारा सोडला, पाटी पुढं ओढली आणि बोट चालवायला सुरुवात केली. एक अक्षर, दुसरं अक्षर. दोघं भावंडं जेवण सोडून बघत राहिली. पुरी तीन मिनिटं गेली.

"अगं," थोरली म्हणाली, "आग्रह कर की."

हर्षदाला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं झाकण काढलं. "घ्या हो नाना, एवढ्यानं काय होतंय," असं म्हणत तिनं एक चमचा वाढला. "आमच्यासाठी एक," म्हणून दुसरा वाढला. तिसरा भरून पुढं केला, तेव्हा नानांचा हात मांडीवरून उठला आणि वाटीवर आडवा आला. हर्षदानं चमचा मागं घेतला आणि भांडं उचलून आत ठेवलं.